फोटो गेला का?

पुण्यात हे ॲप कधी बंद पडलं नव्हतं. जिंतूर तालुक्यात ते सारखं बंद पडायचं, आणि तेही नेमकं माणूस वावरात उभा असताना.

ॲप एका शेतकरी उत्पादक कंपनीचं. सभासदानं पिकाचा फोटो काढायचा, कंपनीच्या सल्लागार मॅडमनी तो परभणीत बसून पाहायचा आणि सांगायचं, सोयाबीनवर चक्रीभुंगा आहे की खोडमाशी. कपाशीचं फूल नीट न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलं तर ती डोमकळी, आत गुलाबी बोंडअळी. २०१७ च्या बोंडअळीनं आमच्याकडच्या कपाशीवाल्याला डोमकळी ओळखायला शिकवलं, तरी फवारणीचे पैसे घालण्याआधी त्याला आणखी कुणाच्या तरी डोळ्यांची खात्री हवी असते. शिवाय १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यावर शेतात उभं राहून फोटो काढणं ही काही नवलाई राहिली नव्हती. म्हणजे कल्पना चांगली होती आणि लोक तयार होते. अडचण ॲपच्या पोटात होती.

ते आधी पुण्यात दुसऱ्या कुणी तरी लिहिलेलं. मी वसमत रोडवरच्या घरात बसून पुण्या-बंगळुरूची कामं करणारा. माझ्याकडे ते दुरुस्तीला आलं तेव्हा तक्रार एका ओळीची होती: फोटो काढत गेलं की ॲप जड होतं, मग एकदा उघडलं की सगळं कोरं. जुने फोटो नाहीत, गट नंबर नाहीत, सभासदाचं नावसुद्धा नाही. माझ्या टेबलावर मात्र काही केल्या ते कोरं होईना. शेवटी सभासदांबरोबर त्यांच्या रानात गेलो. माळावर उभं राहिलं तर थोडी रेंज, ओढ्याकडे उतरलं की ती पण नाही. तिथं माझ्याच फोनवर, सगळं तेच करून, ॲप कोरं झालं. आणि कारण तिथंच उलगडलं.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. हे ॲप रिॲक्ट नेटिव्हमध्ये होतं आणि त्याची सगळी माहिती रिडक्समध्ये. रिडक्स २०१५ साली डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क या दोघांनी केलं. त्याचा नियम असा की ॲपची सामायिक माहिती एकाच ठिकाणी ठेवायची, त्याला स्टोअर म्हणतात. प्रत्येक पडद्यानं तिथूनच वाचायचं. बदल करायचा तर थेट हात घालायचा नाही, काय घडलं त्याची अ‍ॅक्शन पाठवायची आणि रिड्यूसर नावाचं फंक्शन त्यावरून नवी स्थिती तयार करतं. आमच्या भागात हे समजावायला मला फारसा त्रास होत नाही. तलाठी सातबाऱ्यात खाडाखोड करत नाही. तो फेरफार नोंदवतो, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, मग सातबारा बदलतो. फक्त सातबाऱ्यावर जमीन नसते, जमिनीची नोंद असते. या ॲपमध्ये जमीनच उचलून सातबाऱ्यात ठेवलेली होती.

म्हणजे असं: कॅमेऱ्यातून फोटो आला की त्याचं बेस६४ करायचं आणि ती भलीमोठी अक्षरांची माळ स्टोअरमध्ये टाकायची. बेस६४ म्हणजे कुठलीही फाईल साध्या अक्षरांत लिहिण्याची रीत. दर ३ बाइटांना ४ अक्षरं लागतात, त्यामुळे आकार एक तृतीयांशानं वाढतो. हे असं का केलं असेल, ते मला समजतं. अक्षरं असली की फाईल कुठं ठेवू, नाव काय देऊ, कधी पुसू, कुठलीच कटकट नाही. पडदा ती माळ सरळ चित्र म्हणून दाखवतो. स्टोअर फोनमध्ये जपून ठेवणारी रिडक्स-पर्सिस्ट ही लायब्ररी जोडलेली असली की फोटोही आपोआप जपला जातो. एका दुपारच्या प्रात्यक्षिकासाठी याहून सोपा रस्ता नाही.

पण ती लायब्ररी ही सगळी स्थिती एकाच नोंदीत लिहिते. ॲन्ड्रॉइडवर ती नोंद जाते असिंकस्टोरेजमध्ये, म्हणजे खाली एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एका ओळीत. तिथं एकूण मर्यादा मुळात ६ एमबीची. आणि वाचताना ज्या खिडकीतून ती ओळ बाहेर येते ती साधारण २ एमबीची. त्यामुळे घडतं ते विचित्र: ३ एमबीची ओळ बिनतक्रार लिहिली जाते, पण परत वाचता येत नाही. ॲप चालू आहे तोवर सगळं मेमरीत असतं, सगळं दिसतं. माणूस फोन खिशात टाकतो, ॲन्ड्रॉइड ॲपला मारतं, संध्याकाळी घरी येऊन उघडावं तर वाचन फसलेलं आणि ॲप जन्मल्यासारखं कोरं. ४०० केबीचा फोटो बेस६४ मध्ये ५३० केबीच्या पुढे जातो. असे चार जमले की खिडकी भरली.

पुण्यात चार कधी जमलेच नाहीत. तिथं फोटो काढला की काही सेकंदांत सर्व्हरवर जायचा आणि स्टोअरमधून पुसला जायचा. रांग कायम रिकामी. त्यात एम्युलेटरचा, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनचा, खोटा कॅमेरा इवलासा फोटो देतो. जिथं रेंज नाही, तिथंच हा दोष जन्माला येत होता, आणि ज्यांनी ॲप तपासलं ते कायम रेंजमध्ये होते. मला यात कुणाचा आळस दिसला नाही. ऑफिसच्या वायफायवर शेतकऱ्याचं ॲप तपासायची आपल्या धंद्यातली रीतच तशी आहे.

जड होण्याचं कारण वेगळं, पण त्याच मुळाचं. अपलोड किती टक्के झालं हेही स्टोअरमध्ये लिहिलं जायचं. एक टक्का सरकला की फोटोंचा अख्खा कप्पा पुन्हा मजकूर करून साठवला जायचा, त्यातल्या सगळ्या माळांसकट. गट नंबर टाइप करताना अक्षर उमटायला वेळ लागे तो यामुळे. शिवाय यादीतल्या अंगठ्याएवढ्या चौकोनात पूर्ण आकाराचा फोटो उलगडलेला. फाईल कितीही दाबून लहान करा, ४००० बाय ३००० चा फोटो मेमरीत उलगडला की दर बिंदूला ४ बाइट, म्हणजे ४ कोटी ८० लाख बाइट. दोन जीबी रॅमच्या फोनवर असे पाच-सहा उलगडायचे म्हणजे ॲपनं स्वतःच मान पुढं करण्यासारखं आहे.

दुरुस्ती सांगायला लहान आहे. कॅमेरा फोटो देतो तो कॅश फोल्डरमध्ये, आणि फोनमधली जागा संपत आली की सिस्टीम कॅश न विचारता साफ करते. म्हणून पहिलं काम, फाईल तिथून उचलून ॲपच्या कायमच्या फोल्डरमध्ये नेणं. तिला एक अद्वितीय ओळख-क्रमांक द्यायचा, तेच तिचं नाव. बाजूला दोनशे बिंदू रुंदीची एक छोटी प्रत. स्टोअरमध्ये एवढंच: तो क्रमांक, गट नंबर, पीक, अक्षांश-रेखांश, काढल्याची वेळ आणि फोटो सध्या कुठल्या अवस्थेत आहे. पूर्ण पत्ता न ठेवता फक्त फाईलचं नाव ठेवायचं, कारण आयफोनवर ॲप अद्ययावत झालं की त्याच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता बदलतो. त्या गावांत आयफोन दुर्मीळ, पण नियम म्हणजे नियम. टक्केवारी स्टोअरच्या बाहेर, ज्या पडद्याला ती दाखवायची त्याच्यापुरती. सर्व्हरकडे जाते ती फाईल, फाईल म्हणूनच, अक्षरांची माळ होऊन नव्हे.

एवढ्यानं ॲप कोरं व्हायचं थांबलं. खरं काम त्यानंतर सुरू झालं, आणि ते मला एका काकूंनी लावलं. जुनं ॲप बटण दाबताच हिरवी खूण दाखवायचं, गेला म्हणून. काकू म्हणाल्या, "गेला म्हणतंय, पण गेला कुठं? मॅडमला तर काहीच दिसंना."

पडद्यावर आधी होकार दाखवायचा आणि मागून सर्व्हरला विचारायचं, ही आमच्याकडची जुनी युक्ती आहे. कुणाच्या फोटोला आवडलं म्हणायचं तर ती ठीक. पाण्याखाली गेलेल्या पिकाच्या फोटोला ती चालत नाही. म्हणून मी अवस्था मोजून बसलो: काढला, थांबलाय, जातोय, पोचला, अडकला. पोचला हा शब्द सर्व्हरनं त्याच क्रमांकाची पावती परत दिल्याशिवाय येत नाही. क्रमांक फोनवरच तयार होतो याचा फायदा इथं कळतो. फोटो पोचला पण पावती परत येताना रेंज गेली, असं आमच्याकडे नेहमी होतं. मग फोन तोच फोटो पुन्हा पाठवतो आणि सर्व्हर म्हणतो, हा क्रमांक माझ्याकडे आहे, घे पावती. एका झाडाचे दोन फोटो होत नाहीत.

जातोय ही अवस्था सगळ्यांत फसवी. ती फोनमध्ये साठवली गेली, ॲप मेलं, सकाळी उघडलं तरी फोटो जातोयच. प्रत्यक्षात त्याला नेणारं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे ॲप सुरू होताना प्रत्येक जातोय आधी थांबलायवर आणायचा, मग रांग हलवायची.

रिडक्स शिकवताना सांगतात की खरं काय ते एकाच ठिकाणी ठेवा, म्हणजे गोंधळ होत नाही. फोटोच्या बाबतीत हे पाळताच येत नाही, असं माझं मत झालंय. फाईल डिस्कवर, नोंद स्टोअरमध्ये, पावती सर्व्हरवर, अशा तीन जागी ते खरं विभागलेलं असतं. स्टोअर या तिघांतला फक्त चोख हिशेब ठेवणारा. म्हणून उघडताना ताळा घ्यायचा: नोंद आहे पण फाईल नाही, तर शेतकऱ्याला तसं सरळ सांगायचं. फाईल आहे पण नोंद नाही, तर लगेच पुसायची नाही. आणि क्रमही ठरलेला: ठेवताना आधी फाईल मग नोंद, काढताना आधी नोंद मग फाईल. मध्येच बॅटरी गेली तर फार तर एक बेवारस फाईल उरते, फाईल नसलेली नोंद उरत नाही.

दुसरी गोष्ट कुठल्या पुस्तकात मला सापडली नव्हती. फोन मुलाचा, शेत बापाचं, आणि शेजारचं वावर चुलत्याचं. एकाच फोनवर तिघांची खाती. लॉगआउट केलं की स्टोअर अख्खं धुऊन टाकायचं, ही सुरक्षिततेची सर्वमान्य पद्धत, आणि इथं चुलत्यानं लॉगइन करण्यासाठी बापाचं खातं बंद केलं की बापाचे थांबलेले फोटो गेले. रांग खात्यापासून वेगळी काढली. प्रत्येक फोटोवर सभासदाचा क्रमांक, लॉगआउट झालं तरी रांग चालू. दुसऱ्याला ते फोटो दिसत नाहीत, पण जातात.

२०२४ च्या सप्टेंबरच्या १ आणि २ तारखेची अतिवृष्टी परभणी-हिंगोलीकडचा माणूस विसरणार नाही. २ तारखेला पोळा होता. बैल सजवायचे सोडून लोक वावरातलं पाणी काढत होते. सोयाबीनच्या शेंगा भरत आलेल्या, कपाशीची मुळं पाण्यात. पीक विम्याची पूर्वसूचना तेव्हा ७२ तासांत द्यावी लागायची, ती ज्याची त्यानं ठरलेल्या मार्गानं दिली. आमचं ॲप त्या कामाचं नव्हतं आणि तसं आम्ही वारंवार सांगितलं. तरी लोकांनी फोटो काढून ठेवले, आपल्याकडे काही तरी असावं म्हणून. वीज नाही, टॉवर बंद, फोन बंद. सर्व्हरच्या पडद्यावर कितीतरी वेळ काहीच हललं नाही.

मग वीज येत गेली तशा नोंदी यायला लागल्या. रांगेत एक सोय केली होती: आधी नोंद आणि छोटी प्रत, काही केबींची, आणि मोठा फोटो मागाहून. लंगड्या रेंजमध्येही ती पोचते. मॅडमना कुठल्या गटात किती पाणी आहे याचा अंदाज छोट्या चित्रांवरून आला, आणि कुणाला आधी फोन करायचा ते त्यांनी त्यावरून ठरवलं. काढल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ अशा दोन वेळा वेगळ्या ठेवल्याचा उपयोग तेव्हा झाला. फोटोची फाईल दाबून लहान करताना तिच्यात लपलेली वेळ आणि जागा बहुधा गळून पडते, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोचं तेच होतं. म्हणून दाबण्याआधीच ती माहिती नोंदीत उतरवून घेतो.

आता वाद आहे तो पुसण्याचा. माझं म्हणणं, पोचला की मोठी फाईल फोनमधून काढावी. फोन ३२ जीबीचे, आणि त्यातले निम्मे सुप्रभातच्या फुलांनी भरलेले. सभासदांना हे मुळीच मान्य नाही. सर्व्हर परभणीत का मुंबईत, तो आपला नाही, फोन आपला. एक काका म्हणाले, "तुमची पावती राहू द्या, फोटू माझ्याकडं ऱ्हाऊ द्या." सध्या असं ठरलंय की हंगाम संपेपर्यंत मोठी फाईल राहते. त्यानंतर ॲप विचारतं, आणि हो म्हटलं तरच काढतं, छोटी प्रत तशीच ठेवून. बहुतेक जण नाही म्हणतात. त्यामुळे मी आता फोनमध्ये किती जागा उरली ते फोटो काढण्याआधी तपासायचं काम हातात घेतलंय, आणि सभासद व्हिडिओ कधी चालू करणार म्हणून विचारायला लागलेत.