उड्डाणाआधीचं ऐकणं

हेलिकॉप्टर रुग्णवाहिकेतली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हेलिकॉप्टर नाहीच! ती आहे जमिनीवरच्या एका खोलीत, कानाला हेडफोन लावून बसलेली. हे कळल्यापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटलेय, आता तुम्हीही ऐका.

लंडनची हवाई रुग्णवाहिका 1989 पासून आहे. रॉयल लंडन रुग्णालयाच्या गच्चीवरून ती उडते, एक धर्मादाय संस्था ती चालवते. पण ती कुठे धाडायची हे ठरतं शहराच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात. तिथे हवाई पथकातलाच एक मुरलेला पॅरामेडिक बसतो. दिवसाला हजारो फोन येतात. तो त्यांच्या नोंदी चाळत राहतो, शंका आली की चालू फोन ऐकतो. काही बाबतींत विचार करत बसायचंच नाही. दोन मजल्यांहून जास्त उंचीवरून पडलेला, रेल्वेखाली सापडलेला, गाडीतून बाहेर फेकला गेलेला, मनगटाच्या वर हात तुटलेला माणूस असला की लगेच रवाना! एरवी तो फोन करणाऱ्याला स्वतः विचारतो: शुद्धीवर आहे का? श्वास कसा चाललाय? किंवा जागेवर आधी पोचलेले रुग्णवाहिकावाले सांगतात, आम्हाला डॉक्टर हवा.

हो, डॉक्टर! हेलिकॉप्टर रुग्णाला उचलायला जातं, असंच मला वाटायचं. ते मुळात डॉक्टरला पोचवायला जातं. लंडनमध्ये तर बरेचसे रुग्ण नंतर रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेनेच रुग्णालयात जातात, डॉक्टर सोबत बसून. रस्त्याच्या कडेला भूल देणं, वेळ आली तर तिथेच छाती उघडून हृदयावर उपचार करणं, हे सगळं ते पथक करतं. 2012 पासून ते सोबत रक्तही नेतं. अंधार पडला की हेच पथक मोटारीने धावतं, म्हणजे पंख्यावाचूनही सेवा थांबत नाही!

आणखी एका गोष्टीने तर मी हरखूनच गेले. अमेरिकेत अनेक सेवांमध्ये वैमानिकाला रुग्णाबद्दल मुद्दाम काहीच सांगत नाहीत. लहान मूल आहे, प्रकृती नाजूक आहे, हे कळलं की वाईट हवेतही उडायचा मोह होतो. म्हणून त्याला फक्त ठिकाण सांगायचं, आणि त्याने फक्त हवा बघून हो-नाही म्हणायचं. पथकातला एक जरी ‘नको’ म्हणाला तरी उड्डाण रद्द. किती शहाणपणाची पद्धत!

जर्मनीत म्युनिकला 1970 मध्ये ‘क्रिस्टोफ 1’ हे रुग्णवाहिका-हेलिकॉप्टर सुरू झालं. तिथली हेलिकॉप्टरं दिवसा साधारण 2 मिनिटांत उडतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 50 किलोमीटरचा परिसर असतो. हे वाचलं आणि मी नकाशावर आपल्या नाशिकभोवती 50 किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. त्र्यंबक आत, सिन्नर आत, इगतपुरी आत, पेठ आत, सप्तशृंगी गड आत, कळसूबाईसुद्धा आत! ताशी 200 किलोमीटरने यातलं कुठलंही ठिकाण पंधरा मिनिटांवर. सुरगाणा आणि सटाणा मात्र बाहेर राहतात.

आणि आपल्याकडे काय काय आहे बघा. महाराष्ट्रात 2014 पासून 108 ही रुग्णवाहिका सेवा आहे, रुग्णवाहिकेत डॉक्टर, सगळे फोन पुण्याच्या एकाच कक्षात. म्हणजे ऐकणारी खोली आहेच. नाशिकच्या गांधीनगरला लष्कराची ‘कॅट्स’ ही हेलिकॉप्टर प्रशिक्षण संस्था आहे; 2022 मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक इथूनच आर्मी एव्हिएशनच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. आपल्या डोक्यावरून रोज घरघरत जाणाऱ्या ‘चीता’च्याच जातीची हेलिकॉप्टरं सियाचीनवरून जखमी जवानांना खाली आणतात! ऋषिकेशच्या एम्सने तर 29 ऑक्टोबर 2024 रोजी मोफत हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सुरू केली. 17 मे 2025 रोजी तिला केदारनाथला अपघात झाला. आतले सगळे बचावले, पण डोंगरात उतरणं किती अवघड असतं ते त्या दिवशी दिसलं.

उतरायला मोकळं, सपाट मैदान लागतं. विजेच्या तारा नकोत, उडणारे पत्रे नकोत, धुरळा कमी हवा. पेठ तालुक्यातल्या कुठल्या शाळेचं मैदान असं आहे, तिथल्या तारा कुठल्या बाजूला आहेत, फाटकाची किल्ली कुणाकडे असते, ही यादी करायला हेलिकॉप्टर लागत नाही. ग्रामपंचायत, शाळा आणि 108 वाले मिळून ती याच पावसाळ्याआधी करू शकतात. यंत्र उद्या येईल तेव्हा येवो, पण ही तयारी आपल्या हातातली आहे. आणि या सेवेचा निम्मा जीव तयारीतच असतो, हे आता मला पक्कं कळलंय!