अक्काची नाडी

आमच्या अक्काला सावकाशीचा शापच आहे, असे घरात सारेजण समजत होतो. चकल्यांचा एक घाणा निघेपर्यंत ती दोनदा पाटावर टेकायची. दिवाळीच्या कढत अभ्यंगस्नानानंतरही शाल लपेटून बसायची. पुढे आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, तेव्हा मी म्हटले, "अक्का, सुख मानवलंय हं तुला!" ते वाक्य आठवले की अजून माझी मलाच लाज वाटते. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला म्हणे माणसे कळतात!

2019 च्या भाद्रपदात ती देवघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मनगट धरले. मिनिटाला अवघे 46 ठोके! हृदयाचा आलेख निघाला. आता छातीत पेसमेकर बसवा म्हणणार, या धास्तीत मी होतो. पण त्यांनी आधी रक्त तपासायला पाठवले. मूळ दुखणे हृदयाचे नव्हतेच. ते होते गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे. फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी रक्तात जो रस सोडते, तो कमी पडला की सारे शरीरच मंदावते. हृदयाचे ठोके संथ होतात, कधी त्यांची लयही चुकते. (शास्त्र मला मॅट्रिकपुरतेच, पण हे मात्र मी डॉक्टरांकडून दोनदा समजावून घेतले.) 1891 साली मरे नावाच्या इंग्रज डॉक्टराने मेंढीच्या या ग्रंथीचा अर्क टोचून अशाच एका बाईला बरे केले. ती पुढे 28 वर्षे जगली. आता एक इवलीशी गोळी पुरते.

"मात्रा हळूहळू वाढवू," डॉक्टर म्हणाले होते. जन्मभर सावकाश असलेल्या अक्काने घाई केली ती नेमकी इथे. दिवाळी तोंडावर आलेली, लाडू वळायचे राहिलेले. तिने आपल्या मनानेच दोन-दोन गोळ्या घ्यायला सुरुवात केली. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मला हलवून म्हणाली, "अरे, माझ्या छातीतच फटाके वाजताहेत रे!" औषध जास्त झाले की हृदय उलट उधळते, हे त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी शिकलो.

मात्रा पुन्हा बसवायला काही महिने गेले. आता ती पहाटे उपाशीपोटी गोळी घेते आणि चहासाठी अर्धा तास घड्याळाकडे डोळे लावून बसते. परवा चकल्या तळायला मी बसलो होतो. अक्का मागून ओरडली, "किती रे सावकाश! घाणा करपला की!"

मी मुकाट्याने झारा तिच्या हाती दिला.