गायन पार्टीचा बसलेला घसा

भीमजयंतीचा पंधरवडा संपला की आमच्या कल्याण-डोंबिवलीकडच्या गायन पार्ट्यांतील निम्म्या मंडळींचे घसे बसलेले असतात. कोणी ज्येष्ठमध चघळतो, कोणी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो आणि पुढची तारीख घेतो. हा आजार आहे असे आम्हा कार्यकर्त्यांनाही कधी वाटले नाही.

आमच्या पार्टीच्या मुख्य गायकाचा, दादांचा आवाज वरच्या पट्टीत फाटू लागला तेव्हा आम्हीच म्हणालो, "दादा, ठाण्याचे एवढे दोन कार्यक्रम काढा, मग विश्रांती." तारखांची वही आमच्याकडे होती. दुसऱ्या कार्यक्रमात गाण्याच्या मध्येच आवाज गेला. दोन महिन्यांनीही परत आला तो घोगराच.

अखेर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून पडद्यावर दादांचा कंठ दाखवला. दोन पांढुरक्या पट्ट्या, एकीवर लालसर गाठ. बोलताना या पट्ट्या पुरुषाच्या सेकंदाला १०० हून अधिक वेळा, स्त्रीच्या सुमारे २०० वेळा थरथरतात. घसा बसलेला असताना जोर लावून गायले तर त्यातली बारीक रक्तवाहिनी फुटते, आणि पुढे अशी गाठ होऊ शकते.

टेबलावर एक जाड इंग्रजी ग्रंथ होता, 'टेक्स्टबुक ऑफ लॅरिंगॉलॉजी', २०१७ चा. एवढ्याशा जागेवर एवढे मोठे पुस्तक? डॉक्टर म्हणाले, त्याच्या एक संपादिका मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलच्या डॉ. नुपूर कपूर नेरूरकर. बहुतेक डॉक्टर कान, नाक, घसा तिन्ही पाहतात. या बाईंनी आवाज आणि गिळणे यांचेच विकार धरले आणि त्यातच आयुष्य घातले. आवाज सुधारण्यासाठी शस्त्रक्रिया करणाऱ्यांची देशात संघटनाही आहे. आणि १८५४ मध्ये आरशाने स्वतःचा कंठ प्रथम नीट पाहिला तो मान्वेल गार्सिया डॉक्टर नव्हता, गायनमास्तर होता. हे ऐकून दादा कित्येक दिवसांनी हसले.

बाबासाहेबांनी १९२० साली पत्र काढले, त्याचे नाव 'मूकनायक'. त्या मुक्या समाजाचा कंठ पुढे जलशांतून, गायन पार्ट्यांतून घुमला. आम्ही माईकला पावसात कापड गुंडाळतो. गळ्याची तेवढीही निगा राखली नाही.

दादांची गाठ काढली. मग काही दिवस सक्त मौन. घरात पाटीवर लिहून बोलणे चाले. नंतर आवाजाचे व्यायाम. डॉक्टरांनी बजावले की घसा तीन आठवड्यांत सुटला नाही तर दाखवायचेच, आणि तंबाखू-बिडी असेल तर मुळीच टाळायचे नाही, कारण कंठाच्या कर्करोगाची सुरुवातही पुष्कळदा अशीच होते. आमच्या ढोलकीवाल्याने तेव्हा खिशावरचा हात काढला, चुना-डबी मात्र टाकली नाही.

दादा आता खालच्या पट्टीत गातात. वरची पट्टी त्यांची मुलगी घेते. वहीत आम्ही दर दोन कार्यक्रमांमध्ये एक दिवस कोरा ठेवला आहे. त्यापायी ठाण्याची एक तारीख गेली. तिथली मंडळी अजून रागावलेली आहेत.