गाडीच्या पोटाखालीही पाहा



कंधार तालुक्यात बांधाबांधावर हिंडताना मी तुम्हाला एकच सांगत आलो : पीक वरून हिरवे दिसले तरी मुळाशी उकरून पाहा. पण स्वतःच्या जुन्या जीपखाली मी कधी वाकून पाहिले नाही.

गेल्या वैशाखात लग्नाला निघालो होतो. आमच्या मंडळींनी गाडीत पाय ठेवला आणि तळाचा पत्रा फाटून पाय घोट्यापर्यंत खाली गेला. गाडी उभी होती म्हणून खरचटण्यावर निभावले. चालत्या गाडीत तिथे नातवंड उभे असते तर? त्या दिवशी लग्नातला घास गोड लागला नाही.

"अहो, खालून काळा लेप मारला होता ना?" त्यांनी विचारले. मारला होता, पण चिखल न धुता, गंज न खरवडता. "द्या मारून वरूनच," असे मीच म्हणालो होतो. डांबरी लेपाला तडा गेला की पाणी आत शिरते आणि तिथेच मुरते. आपली काळी माती ओल धरून ठेवते. त्यात मी खताची पोती वाहिलेली. खताचे क्षार ओलीत मिसळले की गंज झपाट्याने वाढतो. वरून काळे कुळकुळीत, आतून पत्र्याचा भुगा!

मग मिस्त्रीला हाताशी घेऊन काम नीट केले. तुमच्याकडे जीप नसेल, ट्रॉली असेल, रीत तीच. चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, भक्कम लाकडी ठोकळे द्या. खालची बाजू धुऊन दोन-तीन दिवस उन्हात वाळवा. लहान हातोडीने ठोकत जा : टणक आवाज आला तर पत्रा चांगला, भद्द आवाज आला तर आत गंज समजा. सुटलेला लेप खरवडा, तारेच्या ब्रशने घासा. नाकातोंडाला फडके बांधा. लेप मऊ करायला आग लावू नका, जवळच डिझेलची टाकी असते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडून घ्या. थिनरने पुसून रेड ऑक्साइडचे दोन पातळ हात द्या आणि ते पुरते वाळल्यावरच लेप लावा. सायलेन्सर, ब्रेक, ग्रीसच्या जागा आणि पाणी निघायची भोके मात्र मोकळी ठेवा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. वर्षभर ओझे वाहिलेला खांदा हाताने चाचपून पाहतो. झूल चढते ती त्यानंतर. ओझे वाहणाऱ्या गाडीलाही तेवढा मान द्या. पावसाळ्याआधी एकदा खाली वाकून पाहा.

आमच्या मंडळी आता गाडीत बसतात. पण आधी पायाने पत्रा दाबून पाहतात. मी काही बोलत नाही.