ॲडमिनचा अंगठा

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ॲडमिननं 1 मार्च 2021 ही तारीख लक्षात ठेवावी असं मला वाटतं. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आमच्याच जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्यापुढे ते प्रकरण होतं. गुन्हा 2016 चा, अर्जुनी मोरगाव पोलीस ठाण्यातला. ग्रुपमधल्या एकानं एका महिला सदस्याविषयी घाणेरडं लिहिलं. ॲडमिननं ना त्याला काढलं, ना माफी मागायला लावली, आपण काही करू शकत नाही म्हणून हात वर केले, अशी तक्रार होती. न्यायालयानं म्हटलं की दोघांचा हेतू एक होता किंवा आधीपासून ठरलेलं होतं असं दिसल्याशिवाय सदस्याच्या लिहिण्याचा गुन्हा ॲडमिनच्या माथी मारता येत नाही. ॲडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच आहे. मजकूर पडण्याआधी तो तपासणं किंवा अडवणं त्याच्या आवाक्यात नाही.

याच जिल्ह्यातल्या कामठ्यात माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, केवायसी, धान विक्रीची नोंदणी, झेरॉक्स. येणाऱ्या प्रत्येकाचा नंबर माझ्याकडे असतो, म्हणून गावाच्या ग्रुपचं ॲडमिनपणही माझ्याकडे आलं. निकाल वाचून बरं वाटलं, पण फार दिवस नाही. कारण 2022 मध्ये व्हॉट्सॲपनंच ॲडमिनच्या अंगठ्याला नवी ताकद दिली. आता कुणाचाही मेसेज मला सगळ्यांसाठी पुसता येतो. पुसला की त्या जागी ॲडमिनचं नाव उमटतं. पुसलेल्या मजकुरापेक्षा ते नावच गावात जास्त वाचलं जातं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर विचारणा होते, ‘काहून पुसलं गा?’

म्हणून मी फार कमी पुसतो.

‘या ग्रुपवर राजकारण करू नये’ असं बऱ्याच ग्रुपांच्या वर्णनात लिहिलेलं असतं. लिहायला सोपं आहे. अडचण ही की राजकारण सुरू कुठून होतं ते कोणी सांगत नाही. खरीप आटोपून धान केंद्रावर जायला लागलं की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘केंद्रावर बारदाना संपला.’ त्याखाली कोणी लिहितो, बारदाना नाही म्हणजे सरकार झोपलं आहे. तिसरा लिहितो, मागच्या सरकारात तर केंद्रच उघडायला उशीर व्हायचा. या तिघांतला कोणता मेसेज राजकारणाचा? 2024-25 मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,300 रुपये होता, आणि त्यावर राज्य सरकारचा बोनस हेक्टरी 20,000 रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. हा बोनस कोणी मागितला, कोणी दिला, बांधावरच्या माणसाच्या हाती किती आला, यावर बोलायचं नाही असं मी कोणत्या तोंडानं सांगू? त्यावर पोरीच्या कॉलेजची फी ठरते. लाडकी बहीण योजनेचंही तेच. 2024 च्या जुलैपासून महिन्याचे 1,500 रुपये सुरू झाले आणि माझ्या दुकानापुढे रांग लागली. रांगेतल्या बाया अर्जातल्या चुकांवर बोलत होत्या, आणि त्याच वेळी त्यांचे नवरे ग्रुपवर ‘सरकारनं दिले’ विरुद्ध ‘आपल्याच करातले दिले’ अशी कुस्ती खेळत होते. पैसा एकच, घरही एकच.

तसं कामठ्याला राजकारण परकं कधीच नव्हतं. 1818 मध्ये कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल नागपूरच्या आपासाहेब भोसल्यांच्या बाजूनं इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. 1954 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यातच होतो, गोंदिया वेगळा झाला तो 1 मे 1999 ला. त्या पराभवावर आमच्या भागात आजही दोन म्हातारे बसले की तीन मतं निघतात. अशा मुलखात राजकारण नको म्हणणं म्हणजे पावसाळ्यात चिखल नको म्हणणं.

मग मी विषय मोजणं सोडून दिलं. आता मी मजकूर कुठून आला ते बघतो. आमचा नियम असा : राजकारण चालेल, पण स्वतःच्या शब्दांत. पुढे ढकललेलं चालणार नाही, मग ते कुठल्याही पक्षाचं असो. हा नियम मला सुचला तो भौगोलिक अडचणीतून. आमच्या बाजूला बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. पलीकडे राजनांदगाव, म्हणजे छत्तीसगड. सोयरीक तिन्हीकडे. 2023 च्या नोव्हेंबरात त्या दोन्ही राज्यांच्या विधानसभेच्या निवडणुका होत्या. राजनांदगावचं मतदान 7 तारखेला, बालाघाटचं 17 ला, आणि मध्येच दिवाळी. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर पडणाऱ्या राजकीय मजकुरात निम्म्याहून जास्त भरणा तिकडचा होता, शुद्ध हिंदीत, पोस्टरांसकट. ज्या निवडणुकीत कामठ्याचा एकही मतदार नव्हता तिच्यावरून कामठ्याची दोन सख्खी चुलत घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली. घरच्या भांडणाला निदान आपला बांध तरी असतो.

पुढे ढकललेल्या मजकुराचं दुसरं टोक महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. ती अफवा कोणी पहिल्यांदा लिहिली हे पाठवणाऱ्यांपैकी कोणाला सांगता आलं असतं का? स्वतःच्या नावानं लिहायला सांगितलं असतं तर निम्मे जण थांबले असते, असं मला वाटतं.

नियमाला पळवाटा निघाल्याच. लोक मजकूर कॉपी करून चिकटवतात, म्हणजे वरची ‘फॉरवर्डेड’ची खूण जाते. पण ओळखू येतं. आमचा माणूस बोलतो पवारी, लोधी, झाडीबोली, गोंदियाची हिंदी, आणि लिहिताना या चौघींची खिचडी करतो. त्याच्या नावावर अचानक लखनवी हिंदीतला अडीचशे शब्दांचा निबंध आला तर शंका यायला पंचांग लागत नाही. मग मी फोन करतो. एका काकाजींना विचारलं, ‘हे तुम्ही लिहिलं काजी?’ ते म्हणाले, ‘लिहिलं नाही गा, पटलं.’ मी म्हटलं, मग पटलं तेवढंच लिहा. त्यांनी लिहिलं. दोनच ओळी होत्या, त्यातली एक सिंचनाच्या पाण्याबद्दल. त्या दोन ओळींना जेवढी उत्तरं आली तेवढी त्या निबंधाला कधीच आली नसती. ज्यांना टायपता येत नाही ते आवाजात बोलून पाठवतात. आवाजाचं एक बरं असतं. समोरच्या अंगणातला माणूस तो आवाज ओळखतो, आणि ओळखीच्या आवाजाला शिवी देताना जीभ थोडी अडखळते.

दुसरा धडा मी मंडईतून उचलला. भाऊबीज झाली की आमच्या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते. दिवसा जत्रा, दंडार, पाहुण्यांची वर्दळ. रात्री नाटक, बहुधा वडशाच्या कंपनीचं, उजाडेपर्यंत चालणारं. त्या नाटकाचं हँडबिल तुम्ही कधी बघितलं असेल तर माहीत असेल : नाटकाचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी यांची रांग. त्या रांगेत सगळ्या पक्षांचे लोक असतात. आमदारकीला एकमेकांसमोर उभे राहिलेले एकाच कागदावर, एकाच मापाच्या अक्षरांत. बाहेरच्याला ही हौस वाटते. पण मंडई भरवणाऱ्या मंडळात बसून बघितलं की कळतं, तो कागद जुळवायला नाटक ठरवण्यापेक्षा जास्त अक्कल लागते. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाकडून मांडवाचे पैसे घ्यायचे आणि कोणाकडून मुद्दाम घ्यायचे नाहीत. घेतले तर पुढच्या वर्षी मंडळच त्याचं होऊन जातं.

मंडळवाले राजकारणाला वेळ देतात, आणि वेळच देतात. भाषणं पडदा उघडण्याआधी. नेता लांबला की मागून टाळ्या सुरू होतात, त्या कौतुकाच्या नसतात हे नेत्यालाही कळतं. एकदा नांदी झाली की मंचावर कोणी चढत नाही. मग नाटकातलाच विनोदी पात्रवाला सरपंचापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची उडवतो, आणि पहिल्या रांगेत बसलेले ते सगळे हसतात. राजकारण रात्रभर चालू राहतं, फक्त ते नाटकाच्या ताब्यात असतं.

ग्रुपवर आम्ही हेच केलं. सकाळी दहापर्यंत फक्त कामाचं : लाइन कुठे गेली, डीबी कोणती उडाली, नळ येणार की नाही, रोवणीला बाया कोणाकडे आहेत, गाय कोणाची सुटली, कोणाला कोणतं रक्त पाहिजे. मयताची खबर पडली की अंत्यविधी होईपर्यंत दुसरं काहीच नाही. हा नियम मी लिहिला नाही, लोकांनीच पाळायला सुरुवात केली. रात्री जेवणं झाली की राजकारणाला मोकळीक. वाद तेव्हाही तापतो, पण त्याला पहाट होते. रात्री अकराला एकमेकांचे नेते काढणारे दोघे सकाळी सहाला त्याच पडद्यावर भेटतात, कारण एकाचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उरलेले असतात आणि दुसऱ्याला दोन बांध्यांपुरते कमी पडलेले असतात.

पऱ्ह्यांवरून एक गंमत. एका सकाळी कोणीतरी टाकलं, ‘जय श्रीराम, दोन बांध्यांपुरतं, लवकर सांगा.’ पुण्याहून ग्रुप वाचणाऱ्या गावच्या एका पोरानं लगेच तक्रार केली की दहाच्या आत राजकारण चालू झालं. जय श्रीराम हा आमच्याकडचा बारीक धान आहे, भातात चांगला आणि बाजारात महाग. पोराला धान आठवला नाही, घोषणा आठवली. पुण्यात असतो, असो.

खरं वजन मात्र बायांमुळे पडलं. ग्रुपमध्ये 256 लोकांचीच सोय होती तोवर एका घरातला एकच माणूस, आणि तो पुरुष, हे न बोलता ठरलं होतं. 2022 च्या अखेरीस मर्यादा 1,024 झाली. तेव्हा आम्ही सुना, सासवा, बचत गटातल्या बाया, अंगणवाडीची ताई यांना घेतलं. पुरुषांनी कुरकुर केली की आता ग्रुपवर लोणची येतील. आली. शिवणकाम आलं, लसीकरणाच्या तारखा आल्या, गावातल्या लहरीबाबांच्या आश्रमातल्या गर्दीच्या दिवशी कोणाच्या घरी किती पाहुणे उतरणार याची चौकशी आली. आणि राजकारणही आलं, पण वेगळं. रेशनच्या दुकानात मशीन अंगठा घेत नाही. शाळेला शिक्षक कमी आहेत. या गोष्टी पुरुषांच्या राजकारणात कधी येत नव्हत्या. एवढे लोक, एवढी कामं ग्रुपवर असली की दोघांचं भांडण आपोआप लहान दिसतं. भांडणाऱ्यांना मी सहसा काही म्हणत नाही. त्यांच्या मध्ये एक उपयोगी ओळ टाकतो. धानाचे चुकारे अडकले असतील तर बँक खात्याला आधार जोडलं आहे का बघा. दोघेही वाद सोडून आपापलं पासबुक काढतात.

‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ हे कुलूप 2018 पासून हाताशी आहे. शेजारच्या काही गावांनी ते कायमचं लावून टाकलं आणि शांतता झाली म्हणून समाधान मानलं. मी त्याला शांतता म्हणणार नाही. कुलूप लांबलं की लोक दुसरा ग्रुप काढतात, आणि तो एकाच रंगाचा असतो. तिथं पऱ्हे, मयत, रक्तगट काही नसतं, फक्त राग असतो. आमच्याकडे कुलूप लागतं ते प्रचार थांबल्यावरच्या 48 तासांपुरतं, जसं 2024 मध्ये 19 एप्रिल आणि 20 नोव्हेंबर या मतदानांआधी लागलं. उघडण्याची वेळ त्याच मेसेजमध्ये लिहिलेली असते, आणि त्या काळात मयत, रक्त आणि लाइन यांचे निरोप मी स्वतः टाकतो.

आणि अंगठा एकट्याचा ठेवलेला नाही. आम्ही तीन ॲडमिन आहोत. दुसरा माझ्या पक्क्या विरुद्ध मताचा आहे. प्रत्येक निवडणुकीत आमची दोन मतं एकमेकांना कापतात, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. राजकीय मेसेज पुसायचा तर आम्हा दोघांचं एकमत लागतं, आणि ते क्वचित होतं. तिसऱ्या ॲडमिन म्हणजे बचत गटाच्या ताई. बाईबद्दल कोणी वेडंवाकडं लिहिलं तर त्यांनी कोणाला विचारायचं नाही, आधी पुसायचं आणि मग सांगायचं. न्यायालयानं अर्जुनी मोरगावच्या ॲडमिनला सोडलं ते बरोबरच होतं, पण ज्या बाईबद्दल तिथं लिहिलं गेलं तिला तो निकाल वाचून काय मिळालं असेल हे मला अजून टोचतं.

तुमच्या गावचा ग्रुप तुम्ही चालवत असाल तर आज रात्री सदस्यांची यादी उघडा. तुमच्या मताच्या विरुद्ध मत देणारा एक माणूस आणि एक बाई शोधा, आणि त्यांना ॲडमिन करा.