बारा कामट्या, आठ कोपरे

माझे वडील एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून सुतार म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पंचाहत्तरीनंतर त्यांना अल्झायमरचं निदान झालं. आधी घराकडे येणारा रस्ता चुकायला लागला, मग पेन्शनचा हिशेब लागेना, मग आमची नावं. मी माहेरच्याच गल्लीत राहते. त्यामुळे रोजचं बरंच माझ्याकडे असतं.

निदानानंतरची पहिली दिवाळी फार वाईट गेली. खिडकीत उघडझाप करणारी माळ होती. अण्णा ती बघून सारखे उठायचे, "आग लागली" म्हणायचे. नरकचतुर्दशीला पहाटे फटाके सुरू झाले तेव्हा ते मोरीत जाऊन बसले. आईने त्यांना अंघोळ घालायचा प्रयत्न केला तर तिचा हात झटकला. पाहुणे आले की प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "अण्णा, ओळखलं का मला?" भाऊबीजेपर्यंत त्यांनी बोलणंच सोडलं होतं. दिवाळी संपली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. असं आधी कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांना काहीतरी कामात गुंतवावं असं ठरलं. एका नातेवाइकांनी प्रेमाने पणत्या रंगवायचं किट आणलं. लहान मुलांचं असतं ते, डब्यावर कार्टून. अण्णांनी ब्रश उलटा धरला, पेल्यातलं रंगाचं पाणी चहा समजून तोंडाला लावलं आणि मग सगळं बाजूला सारून म्हणाले, "हे पोरांचं आहे." बरोबरच होतं त्यांचं. आयुष्यभर करवत चालवलेला माणूस आहे.

त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी साध्या भाषेत समजावलं. या आजारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, लवकर खराब होतो. पण वर्षानुवर्षं करून हाताला बसलेली वळणं मेंदूच्या दुसऱ्या भागांत असतात आणि ती बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. "नवीन शिकवू नका, जुनं हातात द्या," एवढंच ते म्हणाले.

जुनं म्हणजे आमच्या घरी कंदील. आम्ही लहान असताना अण्णा दर वर्षी कामट्यांचा कंदील करायचे. मी बुरूड आळीतून कामट्या आणल्या. चांदणीचा किंवा षटकोनी कंदील नको, साधा चौकोनी खोका करायचा ठरवला. बारा कामट्या, आठ कोपरे. सगळं सामान एकदम मांडलं तर ते गोंधळतात हे जेवणाच्या ताटावरून माहीत होतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त एक कामटी आणि पॉलिश पेपरचा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. मी काही सांगितलं नाही. समोर बसून दुसरी कामटी घासायला लागले.

अण्णांनी पेपर उचलला. आधी उलटसुलट करून बोटाने त्याची धार पाहिली. मग तो दुमडला, कामटीभोवती धरला आणि एका दिशेनेच ओढायला लागले. मी पुढे-मागे घासत होते. त्यांनी माझा हात धरून थांबवला आणि म्हणाले, "रेषेबरोबर जा. कूस निघते नाहीतर." त्याच सकाळी त्यांनी मला "तुम्ही कोण?" असं विचारलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडून आले. परत आले तरी ते घासतच होते.

नंतरचे बरेच दिवस नुसत्या कामट्याच घासल्या. गुळगुळीत झालेली कामटी ते पुन्हा घ्यायचे. मी अडवलं नाही. मग सुताने कोपरे बांधायला घेतले. एका वेळी दोन कामट्या आणि सुताचा एक तुकडा, एवढंच पुढ्यात. एखादी गाठ सुरेख बसायची, एखादी ते स्वतःच सोडून टाकायचे. कधी काल बांधलेला कोपरा आज सोडलेला असायचा. भाऊ वैतागला, "असं कधी पुरं होणार?" त्याला म्हटलं, पुरं व्हायलाच पाहिजे असं काही नाही. राहिलेल्या गाठी रात्री आई आणि मी बांधायचो.

काही गोष्टी करता करता कळल्या, त्या सांगते. वेळ सकाळची, चहा-नाश्ता झाल्यावरची. चार-पाचनंतर अण्णा अस्वस्थ होतात, घरात बसूनच "घरी जायचंय" म्हणतात, तेव्हा काही हातात देऊ नये. टीव्ही बंद. पांढऱ्या टेबलक्लॉथवर पांढरं सूत त्यांना दिसतच नव्हतं. गडद निळी चादर अंथरली आणि फरक लगेच दिसला. "आठवतंय का, आपण कसा कंदील करायचो?" हा प्रश्न पूर्ण बंद केला. त्याऐवजी, "अण्णा, एवढं धरता का?" धरायचं काम ते नेहमी करतात. वीस मिनिटांच्या आसपास पाय हलायला लागले की सामान उचलायचं, मग गाठ अर्धवट का असेना.

खळीचं मात्र नीट लक्षात घ्या. आमच्याकडे खळीत मोरचूद घालायची पद्धत होती, म्हणजे चिकटवलेल्या कागदाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतो. यंदा नुसता मैदा पाण्यात शिजवून घेतला, रोज ताजा. अण्णांनी बोट चाटलंच. कटर घरात ठेवलाच नाही, बोथट टोकाची कात्री वापरली. आणखी एक. बाजारात बॅटरीवरच्या पणत्या मिळतात, त्यात छोटे बटणासारखे सेल असतात. ते गिळले तर काही तासांत अन्ननलिका भाजते. ज्या पणतीचं झाकण स्क्रूने बंद होत नाही ती घरात आणू नका.

घोटीव कागद चिकटवण्यात अण्णांना रस नव्हता. ते काम भाच्याने केलं. झिरमिळ्यांसाठी कागदाच्या घड्या घालणं मात्र त्यांना आवडलं. घडीवर नख फिरवून ती पक्की करायची त्यांची सवय तशीच आहे.

शेजारच्या काकूंच्या सासूबाईंनाही हाच आजार आहे. आमचं पाहून काकूंनी त्यांच्यापुढे कापूस ठेवला. आजींनी पूर्वी चातुर्मासात लक्ष वाती केलेल्या. किंचित दुधाचा हात लावून त्या मांडीवर अजून सरळ वात वळतात. मोजता येत नाही, तर काकू मोजतात. एकदा वस्त्रमाळेसाठी कुंकू समोर ठेवलं तर ते तोंडात गेलं. तेव्हापासून कुंकू काकू स्वतः नंतर लावतात.

वसुबारसेला कंदील टांगला. एका बाजूला कलला होता. आत स्थिर उजेडाचा एलईडी दिवा लावला, उघडझाप करणारी माळ काढूनच टाकली. अण्णांनी कंदील आपला म्हणून ओळखला नाही. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांनी स्टुलाला हात धरून वर पाहिलं, खालचा कोपरा अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "ही गाठ सैल आहे." ती मी बांधलेली होती.

फटाक्यांचा त्रास यंदाही झाला. पहाटे मागच्या खोलीत पंखा लावून त्यांच्याजवळ बसले. अभ्यंगस्नान उजाडल्यावर केलं. येणाऱ्या पाहुण्यांना फोनवरच सांगितलं होतं की ओळख विचारू नका, आपलं नाव सांगून नमस्कार करा. यंदा अण्णा भाऊबीजेलाही बोलत होते. आजार बरा झाला असं मुळीच नाही, तो पुढे जातोच आहे. सकाळचा तो अर्धा तास मात्र आईला निवांत मिळाला आणि अण्णांची चिडचिड त्या दिवसांत कमी होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे की भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. म्हणजे तुमच्या गल्लीतही एखादं घर असेल. त्या माणसाने आयुष्यभर हाताने काय केलं ते घरच्यांना विचारा: शिवण, वाती, रांगोळी, हार, सुतारकाम. त्यातलं एकच पाऊल पुढ्यात ठेवा. अडलंच तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या सरकारी हेल्पलाइनवर फोन करता येतो. आणि दिवाळी तोंडावर आल्यावर सुरू करू नका, सामान नवरात्रातच आणून ठेवा.