स्पर्श आणि हेतू

संगणकाच्या बिघाडाविषयी साहित्याच्या अध्यापकाने लिहू नये, असा एक अलिखित संकेत आहे. तो बाजूला ठेवतो; कारण गेल्या पावसाळ्यात एका जुन्या लॅपटॉपच्या टचपॅडने माझ्यापुढे जो प्रश्न टाकला, तो मुळात अर्थनिर्णयनाचा होता.

लॅपटॉप माझ्या गुरूंचा. सर ऐंशीच्या घरातले. गावच्या ग्रंथालयातील जुन्या मासिकांची लेखकवार सूची करण्याचे काम ते एकट्याने करीत आले आहेत. यंत्र जुने, म्हणून एका विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिले होते आणि ते वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले. मग कोणीतरी त्यावर नवी आवृत्ती चढवली. दोन महिन्यांनी मी भेटायला गेलो तेव्हा सूचीचे काम थांबलेले होते. विचारले तर म्हणाले, "अरे, बोटांत आता जीव राहिला नाही. कितीही दाबले तरी ते उघडत नाही." स्वरात तक्रार नव्हती. डोळे, कान, गुडघे अशी जी यादी वयाबरोबर वाढत जाते, तिच्यात त्यांनी बोटांचीही नोंद करून टाकली होती.

वास्तविक टचपॅडला जोराची गरज नसते. बोट टेकले की पृष्ठभागाखालच्या जाळीतील विद्युत्-धारिता बदलते आणि तेवढ्यावरून बोटाची जागा कळते. पडद्यावरचा बाण सरकत होता. म्हणजे सरांचे बोट यंत्राला कळत होते. अडत होते ते टिचकीपाशी. हलकेच टिचकी मारली की पूर्वी क्लिक होई, ते आता होत नव्हते. खाली दोन बटणे होती, पण ती घट्ट. सांधे धरलेल्या अंगठ्याला ती दाबवत नव्हती.

दोष शोधण्याची रीत पाठचिकित्सेहून फार वेगळी नाही. जितक्या प्रती मिळतील तितक्या मिळवायच्या आणि पाठभेद लावायचे. यंत्र सुरू होतानाच्या मेनूतून जुना कर्नल निवडून पाहिला. टिचकी मुकीच राहिली. म्हणजे नव्या कर्नलवर संशय घेण्याचे कारण उरले नाही. मग प्रणालीची जुनी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली, डिस्कवर काहीही न बसवता थेट तिच्यावरून यंत्र सुरू केले आणि ते सरांपुढे सरकवले. त्यांनी सवयीने टिचकी मारली. खिडकी उघडली. त्यांनी ती बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मग चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे बोटे अजून माझीच आहेत."

पुढचे सोपे होते. जुन्या आवृत्तीत टचपॅड सांभाळणारा ड्रायव्हर 'सिनॅप्टिक्स' होता. नव्या आवृत्तीत ते काम 'लिबइनपुट'कडे गेले. ज्या टचपॅडला स्वतंत्र बटणे आहेत, तेथे लिबइनपुट टिचकी मुळातच बंद ठेवते. टर्मिनलमध्ये 'एक्सइनपुट' या आज्ञेने गुणधर्मांची यादी काढली, तर 'टॅपिंग एनेबल्ड'पुढे ० होते. त्याचा १ केला आणि टिचकी बोलू लागली. हा बदल त्या सत्रापुरताच टिकतो. म्हणून एक्स सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये चार-पाच ओळींची फाइल ठेवून तिच्यात 'टॅपिंग'समोर 'ऑन' लिहिले. (वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपला हा मार्ग लागू नाही, तेथे डेस्कटॉपच्याच सेटिंगमध्ये शोधावे.)

टिचकी बंद का ठेवली, याचे कारण लिबइनपुटच्या रचनाकारांनी आपल्या दस्तऐवजात दिले आहे. जो टिचकी जाणत नाही, त्याच्या हातून ती नकळत घडते आणि यंत्र झपाटल्यासारखे वागू लागते. जो जाणतो, तो ती शोधून सुरू करील. युक्तिवाद सयुक्तिक आहे. अजाण स्पर्शाला हेतू चिकटवू नये, एवढेच तो म्हणतो. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा साहित्यकृतीच्या मूल्यमापनाचा निकष मानायला नकार दिला, हे आपण वर्गात निर्धास्तपणे शिकवतो. टचपॅडला ती चैन नाही. टेकलेला तळवा की बोट, सरकणे की टिचकी, हे त्याला केवळ खुणेवरून आणि सेकंदाच्या अंशात ठरवावेच लागते. म्हणून या रचनाकारांविषयी मला आदर आहे.

पण त्यांनी वापरणाऱ्यांचे दोनच प्रकार कल्पिले: न जाणणारा आणि शोधून काढणारा. सर तिसरे. टिचकी त्यांच्या बोटांना वर्षानुवर्षे ठाऊक होती. तिला नाव आहे आणि ती कोठेतरी चालू-बंद करता येते, हे त्यांना कधी कळण्याचे कारणच पडले नव्हते. असा माणूस सेटिंग शोधत नाही. यंत्र बिघडले असेही त्याला वाटत नाही. आपणच बिघडलो असे वाटते, आणि त्या वयात तसे वाटण्याला पुरावा शोधावा लागत नाही. आवृत्ती बदलताना त्याची जुनी सवय जशीच्या तशी पुढे नेता आली नसेल, तर निदान त्याला समजेल अशा भाषेत एक ओळ पडद्यावर यायला हवी होती.

सगळेच सुटले असे नाही. सरांचा हात थोडा कापतो. टेकताना बोट जरा सरकले की ती टिचकी न राहता सरकणे ठरते आणि खिडकी उघडत नाही. मी एक माऊस नेऊन दिला. तो अजून खोक्यातच आहे. सूची 'प'पर्यंत आली आहे.